भागाअक्काचं आवतन

चोपड्याकडच्या त्या केळीच्या गावात कुणाकडे लग्न असो की बारसं, घरोघरी आवतन द्यायला भागाबाईच जायची. नवरा गेला तेव्हा ती तिशीची होती. सकाळी विधवेचं तोंड दिसलं की लोक माघारी फिरत, अशा गावात हे काम तिला मिळालं ते लीलाधरनानांमुळे. नाना सरपंच आणि सोसायटीचे चेअरमनही. भर पारावर त्यांनी तिला अक्का म्हटलं, आवतन हीच देईल असं सांगितलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

नाना माणूस चांगला, असं गाव अजून म्हणतं. नळ आणले, केळीचा ट्रक शेतापर्यंत जाईल असा रस्ता केला. निवडणूक तेवढी होऊ द्यायचे नाहीत. गावात भांडणं नकोत ना!

शहाऐंशी साली सुकदेव नावाच्या शेतकऱ्याने त्यांच्याविरुद्ध फॉर्म भरला. पुढच्या महिन्यात नानांच्या मुलीचं लग्न होतं, चूलबंद आवतनाचं. म्हणजे त्या दिवशी गावात कुणी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं.

"अक्का, तुम्ही कोनले काही बोलू नका," नाना म्हणाले. "फक्त सुकदेवना दारशी थांबू नका."

एवढंच. सुकदेवची बायको बेबाबाई हात पुसत दारात आली होती. भागाबाई थांबली नाही. लग्नाच्या दुपारी अख्ख्या गावात त्या एकाच घरातून धूर निघाला, तो सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून सुकदेवच्या केळीच्या कापणीला मजूर फिरकेना. आपण काय केलं, नुसते पुढे चाललो, असं भागाबाईने मनाला समजावलं. ते खरंही होतं, आणि गोम तिथेच होती.

मग अशी घरं वाढत गेली. आधी नाना नाव सांगायचे, पुढे त्या घराकडे नुसते बघायचे. नंतर तेही लागेना. कोण कुणाच्या ओट्यावर बसतं ते तिला फिरताना दिसायचंच. पहिल्यांदा ती टाळायच्या दारावरून मान खाली घालून जायची, दोन-तीन वर्षांत तेही थांबलं. हे काम गेलं तर आपण पुन्हा कोपऱ्यातली बाई, एवढी भीती मात्र राहिली.

तिची एकुलती एक मुलगी कुंदा गावातच दिलेली. त्र्याण्णव साली एका संध्याकाळी जावई पंडित भागाबाईला सुकदेवच्या ओट्यावर चहा पिताना दिसला. तिसऱ्या दिवशी नानांच्या नातवाचं जावळ होतं, तेही चूलबंद. भागाबाई गल्लीत आली तेव्हा कुंदा लेकरांचे भांग पाडून दारात उभी होती.

"माय, आमले आवतन?"

भागाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती शेजारच्या भिकुबाईच्या दारात जाऊन म्हणाली, "नानाकडे बठ्ठासले जेवाले बलायेल शे." बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना.

मांडवात नानांनी विचारलं, "अक्का, कुंदा दिसनी नई?"

तिने सांगितलं.

"मी ते पंडितनं नाव लिधंच नव्हतं," नाना म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "पन बरं झायं. आते आपला विरुद्ध कोनी बोलाव नई."

त्यांनी तिला पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने वरण-बट्टी वाढली. सगळ्यांचं लक्ष होतं. भागाबाईला त्या मानाचं बरं वाटलं, दुसरं काहीच वाटलं नाही. तिने आणखी एक बट्टी मागून घेतली.