वालाचं बिऱ्हाड

मीठ चवीनुसार म्हणजे कोणाच्या चवीनुसार?

हे मी आईला विचारलं, मसालेवाल्या शेठना विचारलं, ताईला तर प्रत्येक व्हिडिओत विचारलं. कोणीच सांगितलं नाही. आता ताई नाही. तिने केलेलं तिखट अजून बरणीत आहे, आणि किस्से तर इतके साठलेत की दिवा स्टेशनजवळच्या आमच्या खोलीत मावत नाहीत. भेटेल त्याला सांगत सुटतो. आज तुम्ही सापडलात.

*

ताई आधी वागळे इस्टेटमध्ये जेवणाचे डबे द्यायची. माझं शाळेशी जमलं नव्हतं, म्हणून डबे पोचवायला मी. एकदा म्हणाली, "सच्या, फोन धर. मी भरलं वांगं करून दाखवते."

मी धरला. सगळं मस्त चाललेलं. ती म्हणाली, "आता मीठ, चवीनुसार." माझ्या तोंडून गेलं, "कोणाच्या?"

ताईने मान वर न करता सांगितलं, "गप रे, चालू आहे."

व्हिडिओ कापायचा कसा हे दोघांनाही येत नव्हतं. चॅनल काढून तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर वांग्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, "फोनमागचा तो येडा कोण आहे?"

ताई म्हणाली, "झालं. आता तू पण धंद्यात."

तेव्हापासून ठरूनच गेलं. मी विचारायचं, "कोणाच्या?" आणि तिने म्हणायचं, "गप रे, चालू आहे."

*

दिव्यात पाणी सांगून येत नाही. एकदा आमटीला फोडणी दिली आणि बाहेर बोंब झाली, "पाणी आलं!" ताई पळी टाकून बादल्या घेऊन पळाली. मी फोन चालू ठेवून तिच्या मागे. मागून आई ओरडतेय, "अरे मेल्यांनो, गॅस तरी बंद करा!"

आमटी करपली. ताई म्हणाली, "हेच टाक. आमटी गेली, पण पिंप भरलं."

खाली एका बाईने लिहिलं, "तुमच्याकडे आलं का पाणी? पलीकडच्या बिल्डिंगमध्ये अजून टिपूस नाही." ताईने लगेच उत्तर टाकलं, "मग या बादली घेऊन."

ती आली की हो. आणि बादली नाही, ड्रम घेऊन आली.

*

व्हिडिओचं नाव टाईप करायचं काम माझं. वालाचं बिरडं ही ताईची हातखंडा भाजी. मी घाईत लिहिलं, "वालाचं बिऱ्हाड, एकदम सोप्या पद्धतीने."

तासाभरात लोकांची झुंबड. "डिपॉझिट किती?" "स्टेशनपासून चालत आहे का?" "पाणी चोवीस तास?" एकाने तर विचारलं, "वाल मालक आहेत की एजंट?"

मी बदलायला गेलो तर ताईने फोन हिसकावला. "हात लावशील तर बघ. बिऱ्हाडाला गिऱ्हाईक येतंय."

तो आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ. त्यावर जाहिराती लागल्या, पैसे यायला लागले आणि डबे बंद झाले. चॅनल हाच धंदा. आई वाल सोलायची, मी फोन धरायचो आणि ताई रांधायची.

*

मग मसालेवाल्या शेठचं बोलावणं आलं. ऑफिस ठाण्याला, एसी इतका की ताईने पदर कानावरून घेतला. शेठ म्हणाले, "मॅडम, फक्त एवढंच म्हणायचं, आमचा मसाला म्हणजे घरची चव."

ताईने पाकीट फोडलं, चिमूटभर तोंडात टाकलं. "शेठ, यात मीठ आहे."

"आहे ना. लोकांची सोय."

"मग मी चवीनुसार काय घालू? आणि हा काय विचारणार?"

मला चान्सच मिळाला. म्हटलं, "शेठ, तुम्ही तरी सांगा, चवीनुसार म्हणजे कोणाच्या?" शेठनी पाकीट उचलून खणात टाकलं. पण आमच्या व्हिडिओसाठी बिनमिठाची पाकिटं काढली त्यांनी!

*

पुढे ताईची किडनी बिघडली. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मीठ बंद."

ताई म्हणाली, "डॉक्टर, माझा धंदाच बंद केलात की."

डॉक्टरांना काही कळेना आणि आम्ही बहीणभाऊ केबिनमध्ये खिदळतोय. बाहेर येऊन ताई रडली, पण आधी हसली.

तेव्हापासून घरात तिचं वेगळं, अळणी शिजायचं. व्हिडिओत मात्र रांधायची ती आणि चव घ्यायचो मी. पळी पुढे करायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

एकदा मी मुद्दाम विचारलं नाही. म्हटलं, तिला लागेल. तिने झारा खाली ठेवला. "विचार की रे. पैसे त्याचेच येतात."

*

ताईच्या दहाव्याला खाडीवर गेलो. मी, काका, चार नातेवाईक. पिंडाशेजारी पान वाढलं, त्यात ताईचं आवडतं बिरडं, आईने पाठवलेलं. कावळे समोरच्या झाडावर भरपूर, पण एक खाली येईना.

काका म्हणाले, "जीव अडकलाय पोरीचा. चॅनल बंद करणार नाही, म्हण."

मी मोठ्याने म्हणालो. कावळे ढिम्म.

"आईला सांभाळेन, म्हण."

म्हणालो. कावळे तसेच. ऊन चढलं. कोणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिवून घ्या. माझं डोकंच फिरलं. पुढे झालो आणि बिरड्यात बोट घालून चाटलं.

काका किंचाळले, "अरे गाढवा, पानातलं चाखतोस?"

"काका, आईने अळणी केलंय. सवयीने."

रस्त्यावर एक बाई काकड्या विकत होती. पळत गेलो. म्हटलं, "मावशी, काकडी नको, तिखट नको. नुसतं मीठ द्या." तिने पुडी बांधून दिली.

परत आलो. काका आडवे आले. "हे असलं चालत नाही रे. आणि घालणार तरी किती?"

म्हटलं, "गप हो काका, चालू आहे."

मग पानापाशी बसलो, बिरड्यावर मीठ घातलं, बोटाने नीट कालवलं आणि हात जोडून मागे सरलो.