खिडकीजवळची जागा

शाळेतल्या संगणकावर सातवीतल्या गौरीचं बोट एका नावापाशी थांबलं. "बाई, ही सुमन कोण?"

आमच्या शाळेच्या ब्लॉगवर मुलं दर शनिवारी लिहितात. सुरुवातीला त्यांना वाटायचं, ब्लॉग म्हणजे कुणीतरी मोठा माणूस. म्हणून ती पत्रासारखं लिहायची, 'ब्लॉगला साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक.' मी कधी दुरुस्त केलं नाही. कुणीतरी ऐकतंय असं वाटल्याशिवाय मनातलं लिहितं कोण?

सुमनही तसंच लिहायची. आईबापाबरोबर ऊसतोडीला निघताना तिनं लिहिलं, 'ब्लॉगला नमस्कार. मी चालले. माझी खिडकीजवळची जागा कुणाला देऊ नका.' खाली वर्गातल्या पोरींची उत्तरं आहेत. 'नाही देणार.' 'सहामाही सोपी होती गं, लवकर ये.'

ती आलीच नाही. तिकडंच तिचं लग्न लावून दिलं म्हणे. लग्न! सातवीतल्या पोरीचं! तिच्या मैत्रिणीही शिकून शाळेबाहेर पडल्या. फळा रोज पुसतो आपण, वह्या रद्दीत जातात. ब्लॉगवरचं तिचं 'मी चालले' मात्र अजून तसंच आहे, जणू ती आत्ताच दाराबाहेर पडलीय.

"तुझ्यासारखीच होती," मी गौरीला एवढंच म्हणाले. "कामाला गेली आईबापाबरोबर."

गौरीनं सगळं वाचलं. मग एकेक अक्षर शोधत त्या उत्तरांखाली लिहिलं, 'ताई, तुझ्या जागेवर आता मी बसते. तू आलीस की उठेन.'