अकराशे चाळीस बंद यंत्रं

लुआन काका माळी आहेत. आमच्या शहराच्या उत्तरेला वाळू अडवायला तीस वर्षांपूर्वी सरकारने पॉप्लरची अकराशे चाळीस झाडं लावली. म्हणजे कागदावर सरकारने. बादल्या काकांनी वाहिल्या.

मी साहित्यात पदवी घेतली आणि हवेच्या कचेरीत नोटिसा लिहायला लागले. काका मला पंडितबाई म्हणतात.

गेल्या ऑगस्टमध्ये ओझोनच्या यादीत आमचं शहर शेवटचं, म्हणजे सगळ्यात वाईट हवेचं, आलं. आमच्या बियान साहेबांनी हवेत वाफ सोडणाऱ्या सगळ्यांचा तक्ता मागवला. रंगाची दुकानं, पेट्रोल पंप, छापखाने. नवव्या ओळीत उत्तरेकडचे पॉप्लर होते. तक्ता चुकीचा नव्हता.

सगळ्यांना एकच नोटीस गेली. अकरा ते चार काम बंद ठेवावे. दोनदा चालू सापडल्यास कायमचे बंद. पॉप्लरच्या नोटिशीवर साहेबांनी समासात पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता: तोडणे.

मी ती घेऊन गेले तेव्हा काका झाडाखाली वाफवलेला पाव आणि कांद्याची पात खात होते. त्यांनी नोटीस वाचली आणि वर बघितलं. आभाळ निळंशार होतं.

"धूर कुठाय?"

"दिसत नाही, काका. ऊन तापलं की पानं एक वाफ सोडतात. गाड्यांच्या धुरातला वायू तिला भेटतो. वरून ऊन असतंच. त्यातून ओझोन होतो. दुपारी घसा खवखवतो ना, तो त्यानेच."

"म्हणजे गाड्या, झाडं आणि सूर्य, तिघांनी मिळून केलं."

"हो."

"सूर्याला नोटीस दिली?"

"त्याचा पत्ता नाही."

"आणि गाड्यांना?"

"साहेब गाडीनेच येतात, काका."

"मग राहिलो आम्ही," म्हणून त्यांनी पेन मागितलं.

सोबतचा फॉर्म त्यांनी नीट भरला. यंत्रांची संख्या: ११४०. चिमणीची उंची: बावीस मीटर. कामगार: एक. पाळी: सूर्योदय ते सूर्यास्त.

तपासनीस भर दुपारी आला. त्याने वाफ मोजायचं यंत्र एका फांदीजवळ धरलं. आकडा चढला.

"चालू आहेत," तो म्हणाला.

"मी त्यांना सांगितलं होतं," काका म्हणाले.

एक शेरा पडला. दुसऱ्या शेऱ्याला करवत येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका धुतलेला सदरा घालून कचेरीत आले.

"साहेब, रंगवाल्याच्या दाराला तुम्ही सील लावता. मग ते दुकान बंद धरतात ना?"

"धरतात."

"आत काय चाललंय ते बघता?"

"सील शाबूत असेल तर बघायची गरज नसते."

"मग माझ्या यंत्रांनाही लावा. सगळा विश्वास रंगवाल्यावरच का? आम्ही काय घोडं मारलंय?"

साहेब माझ्याकडे वळले. "किती पट्ट्या लागतील?"

मी तीन दिवस लिहीत होते. मेणकागदाची पट्टी, तारीख, लाल शिक्का. काका पुढे खळ फासत गेले, मी मागून प्रत्येक खोडाभोवती पट्टी गुंडाळत गेले.

तपासनीस पुन्हा आला. पट्ट्या मोजल्या. यंत्र पिशवीतून काढलं नाही. वहीत लिहिलं: बंद.

महिनाअखेरीस शहर पुन्हा शेवटचं आलं. साहेबांचा पारा चढला. त्यांनी करवतवाला बोलावला. तो पहिल्या झाडापाशी थांबला.

"सरकारी सील मी फाडलं तर आत मी जाणार, तुम्ही नाही. आधी ते उतरवून द्या."

साहेबांनी मला नियम वाचायला सांगितला. मी वाचला. वाफ सोडणे थांबल्याचे मोजून सिद्ध झाल्यावरच सील उतरवता येते.

साहेबांनी झाडांकडे बघितलं. ऊन कडक होतं. झाडं वाफ सोडत होती.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचला. करवतवाला निघून गेला.

या वसंतात काका कचेरीत आले. खोडं जाड झाली होती आणि पट्ट्या तडकायला लागल्या होत्या.

"पंडितबाई, यंदा दोन बोटं लांब काप."

मी शिक्का मागायला साहेबांकडे गेले. त्यांनी काही न विचारता खण उघडला.