बाजेची जागा

उमरग्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू परसात रोप लावायच्या आधी स्वतः तिथं बसून बघतात. भर उन्हात पोतं टाकून, डोक्यावर पदर घेऊन. चटका सोसवेना झाला की उठतात आणि म्हणतात, "हितं मलाच बसवंना, रोप काय टिकंल?"

एकदा मी गुलाब लावणार म्हटल्यावर न विचारता आमच्याही परसात येऊन बसल्या. "निव्वळ मुरूम हाय. कोरफड लाव," एवढं बोलून गेल्या. मला गुलाबच हवा होता. लावली कोरफड. ती अशी माजलीय की आता मला तिचाही राग येतो.

यंदा त्यांच्या नव्या सुनेनं कोल्हापूरकडच्या माहेराहून सोनचाफ्याचं रोप आणलं. काकू नको म्हणणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्या परसात जागोजागी बसून आल्या. दुपारची सावली आणि मोरीची ओल एकाच ठिकाणी होती, त्यांची बाज असते तिथं. त्यांनी बाज उचलली आणि तिथं चाफा लावला.

बाज आता पत्र्याच्या शेडलगतच्या कोपऱ्यात आहे. त्या कोपऱ्यात त्यांनी आजवर काहीच लावलेलं नाही.

मी भिंतीवरून विचारलं, "काकू, तिथं झळ लागत नाही का?"

"लागती की," पदर पुढं ओढत त्या म्हणाल्या. "पर म्या हितलीच हाय. ती लांबनं आलीय."