बिनतळाची पिकप

टिंकर कुठेही गेला की आधी ठोकून बघायचा. पत्रा असो, पाण्याचं पिंप असो, झाडावरचा फणस असो. वाकवलेलं बोट टकटक आपटायचं आणि मान कलती करून ऐकायचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी नापास झालो, तेव्हा त्यानं माझ्या कपाळावरही ठोकून पाहिलं आणि वडिलांना म्हणाला, "हांगा पत्रो बारीक आसा, भाऊ. पूण कुसूंक ना. चलतलो." पत्रा पातळ, पण कुजलेला नाही; त्या वर्षी माझ्याबद्दल घरात निघालेला हा एकच बरा उद्गार.

त्याला नाव होतं, पण गाड्यांचं पत्र्याचं काम करणाऱ्याला आमच्याकडे टिंकर म्हणतात, आणि गावात तो एकटाच. म्हणून तो टिंकर आणि त्याची बायको टिंकरीण. डिचोलीच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करत तो काम शिकला आणि पेडण्याजवळच्या आमच्या गावात परतून त्यानं रस्त्याकडेला दुकान घातलं. ते दिवस गोव्याला राज्याचा दर्जा मिळण्याचे. मराठी की कोकणी, या वादात आमच्या पडवीवर चहाचे कप थंड व्हायचे. टिंकर मात्र आपला चहा गरम असतानाच संपवायचा. वडिलांनी एकदा त्याला गाठलंच. "तू कुणाच्या बाजूचा रे?" तो म्हणाला, "पत्र्याक दोनूय कळनात, भाऊ. मारतोल कळटा." मारतोल म्हणजे हातोडा. वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

वडिलांची पिकप पोर्तुगीज अमदानीतली, अमेरिकन बनावटीची. नाक लांब, चाल म्हाताऱ्या जमीनदाराची. वडील तिच्यातून हरमलची मासळी आणत, आणि गावात कुणी आजारी पडलं की त्याच हौद्यात चटई टाकून म्हापशाच्या इस्पितळात नेत. गावाला दुसरं वाहन नव्हतं. बाळंतिणी, तापकरी, माडावरून पडलेले ताडी काढणारे रेंदेर, सगळे त्यातूनच गेले. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी गळून गळून तळाची मात्र चाळण झाली होती. वडिलांनी भोकांवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर पायपुसणं घातलं. एकदा आईची चप्पल त्यातून निसटून पेडण्याच्या बाजारात राहिली. आई एका चपलेनिशी घरी आली आणि वडिलांना म्हणाली, "पुढच्या खेपेस मीच पडेन, मग बसा पुठ्ठे चिकटवत."

टिंकरला पुठ्ठा दाखवला तेव्हा तो आईपेक्षा जास्त चिडला. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत त्यानं स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. आधीच्या कारागिरांनी गंजावर पत्रा, पत्र्यावर डांबर, डांबरावर पुन्हा पत्रा असे थर दिले होते. सगळीकडे तसंच करतात. टिंकर म्हणाला, तळ आणि दोन्ही पट्टे एकदम काढायचे, त्याशिवाय हात लावणार नाही.

गाव पडवीवर जमला. आधी एक बाजू कर, मग दुसरी, गाडी अधूनमधून चालती राहू दे, असं सगळ्यांचं म्हणणं.

"कुशिल्लो पणस अर्दो दवरतात?" टिंकर म्हणाला. कुजलेला फणस अर्धा ठेवतात का, असं त्याचं म्हणणं. "उरलेलो गंज नवो पत्रो खातलो."

"अरे, पण मधेच कुणी आजारी पडलं तर?"

"तवसर कोणी मरूं नाकात म्हण सांगा."

तोवर कुणी मरू नका म्हणे! सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, कारण विनोद करणारा एकदाचा माझ्या कपाळाकडून दुसरीकडे वळला होता.

पाऊस सरला आणि आमच्या अंगणात पिकप लाकडी ठोकळ्यांवर चढली. गाडीचा सांगाडा खचू नये म्हणून दारांच्या चौकटींत त्यानं लोखंडी दांडे आडवे जोडले, छिन्नीनं तळ कापून काढला, पट्टे काढले. खिडकीतून आत पाहिलं की थेट जमीन दिसायची. त्याच दिवसांत एका दुपारी टिंकरीण काजूच्या बागेत वाळक्या पानांचा पातेरा गोळा करायला गेली आणि पातेऱ्यात हात घालताच तिला साप चावला.

तिला उचलून लोक सवयीनं आमच्याच अंगणात आले. पिकपपाशी येऊन थबकले. टिंकर हातातली छिन्नी तशीच धरून उभा. टिंकरीण शुद्धीवर होती, तीच म्हणाली, "अशे रावतात कित्याक? दुसरी गाडी पळयात मरे." वडील सायकलवरून रस्त्याला धावले. बस निघून गेली होती. बऱ्याच वेळानं मासळीचा एक टेंपो मिळाला. रिकाम्या खोक्यांमध्ये टिंकर तिला मांडीवर घेऊन बसला. इस्पितळात पोचले तेव्हा डॉक्टरांनी नुसती नाडी पाहिली आणि तिचा हात खाली ठेवला.

दिवसकार्य झाल्यावर टिंकर आमच्या अंगणात हजर. वडील म्हणाले, "राहू दे रे. दुसऱ्या कुणाकडून करून घेतो."

"दुसरो ठिगळ मारतलो," एवढंच बोलून त्यानं वेल्डिंगचा गॅस पेटवला.

तळ नवा झाला, पट्टे नवे झाले, खालून डांबर बसलं. आणि त्यानंतर गावातला एकही आजारी माणूस पिकपमधून एकटा गेला नाही. कुणी न बोलावता टिंकर यायचा, हौद्यात बसायचा आणि म्हापशापर्यंत त्या माणसाचं डोकं मांडीवर धरायचा. बाई असो, बाप्या असो, त्याच्याशी वर्षभर न बोललेला असो.

गावानं हळूहळू एक गोष्ट पाहिली. नेलेलं माणूस दगावलं, तर दुसऱ्या दिवशी टिंकरचं दुकान नेहमीसारखं उघडं असायचं, मारतोलाचा आवाज यायचा. माणूस वाचून घरी आलं, की मात्र दुकान बंद. लोक पेढे घेऊन जात आणि बंद दाराला बघून परत येत. काहीजण म्हणत, टिंकरला शिष्टपणा आला. आई म्हणायची, "परत आलेलं माणूस बघवत नाही त्याला. आणि न्यायला तर तोच जातो."

पुढे एकदा माझंच अपेंडिक्स फुटायला आलं. हौद्यात पडल्या पडल्या मी जमेल त्या सगळ्या देवांना नवस बोललो. त्यांतले निम्मे अजून फेडायचे आहेत. टिंकर डोकं धरून होता. पूर्ण वाटेत एकच वाक्य बोलला. "भाऊ, व्हडा मरे, बेगीन!" आणि वडिलांनी गाडी आणखी दामटली.

टाके निघाल्यावर मी पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो. गाव काय म्हणतो ते ठाऊक होतं, तरी गेलो. दार बंद. कडी आतून होती. मी हाक मारली.

"कोण?"

"मी. भाऊंचा."

मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला. "चलता मरे तूं? आपल्या पायांनी आयलो?"

"हो. चालत आलो."

"बरें जालें," तो म्हणाला. आवाज फुटला होता. "आतां घरा वच, बाबा. हांगा रावूं नाका."