बातम्यांच्या शेवटी महेंद्र

फोन आला तेव्हा मी नशिराबादला एका लग्नात कॅमेरा लावून उभा होतो. नवरदेव घोड्यावरून उतरत होता, बँडचा दणदणाट चालू होता. महेंद्रची बायको, रेखावहिनी, पलीकडून काहीतरी सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. मग बँड जरा थांबला आणि ऐकू आलं. "भाऊ, हे गेले." मी नुसतं 'हो' म्हणालो आणि शूटिंग करत राहिलो. नंतर स्टुडिओत बघताना दिसलं, त्या जागी चित्र थरथरलंय. माझ्या हातून असं कधी होत नाही.

महिना-सव्वा महिना झाला त्याला. टीव्हीवरचा क्रीडा वार्ताहर म्हणून महेंद्रला पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याच्यासमोर कॅमेरा धरून उभा असायचो तो मी, म्हणून लिहायला बसलोय.

महेंद्र मूळचा धुळ्याचा. आग्रा रोडवर त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान, मारवाडी घराणं, आजोबांपासून सगळे कापडातच. बाबूजींनी कॉलेज संपताच त्याला गादीवर बसवलं. पण हा गिऱ्हाइकापुढे साडी उलगडता उलगडता आदल्या दिवशीच्या कबड्डीचं वर्णन सुरू करायचा. बाया साडी विसरून ऐकत बसायच्या आणि तशाच उठून जायच्या. शेवटी बाबूजी म्हणाले, तुला बोलायचंच असेल तर बाहेर जाऊन बोल. ते रागाने म्हणाले होते, यानं ते परवानगी म्हणून घेतलं आणि जळगावला आला. तिथे एका केबल चॅनेलवर मी कॅमेरामन होतो. संध्याकाळच्या बातम्यांच्या अगदी शेवटी, हवामानाच्याही नंतर, खेळाला जेमतेम दोन मिनिटं मिळत. तेवढ्यासाठी आम्ही माझ्या मोटारसायकलवर यात्रेतल्या कुस्त्या, शाळांचे खो-खो, कुठे कुठे म्हणून जायचो. सामना संपला की मी सवयीने विजेत्यांकडे कॅमेरा वळवायचो आणि महेंद्र मला खांद्याला धरून हरलेल्यांकडे न्यायचा. म्हणायचा, "जिंकलेला उद्याही बोलेल रे. हा आज घरी गेला की परत बोलणार नाही."

मुंबईच्या एका मोठ्या वृत्तवाहिनीने त्याला बोलावलं तेव्हा तो मलाही घेऊन गेला. तिथे खेळ म्हणजे क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे बरेचदा हॉटेलाबाहेर उन्हात उभं राहून खेळाडूंची बस थोड्याच वेळात निघेल असं सांगत राहणं. महेंद्र तेही मन लावून करायचा. धुळ्याला बाबूजी त्याच्याशी धड बोलत नव्हते, पण त्यांनी दुकानात टीव्ही आणून लावला होता. महेंद्र पडद्यावर आला की ते कापड मोजायची मीटरपट्टी खाली ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला थांबायला सांगायचे. हे आम्हाला दुकानातल्या मुनीमजींकडून कळायचं.

मग एका वर्षी मुलींच्या राज्य कबड्डीच्या अंतिम सामन्यात आपला धुळ्याचा संघ आला. कर्णधार सुनंदा, साक्रीकडच्या एका खेड्यातली. महेंद्रने ऑफिसात हट्ट धरून हा सामना मिळवला होता. शेवटच्या चढाईला धुळे एका गुणाने मागे होतं, सुनंदा गेली आणि मध्यरेषेपासून हातभर अंतरावर तिची पकड झाली. ती तिथेच बसून राहिली. आम्ही थेट प्रक्षेपणात होतो. मुंबईच्या ऑफिसातल्या बातम्यांच्या डेस्कवरचं बोलणं माझ्याही हेडफोनमध्ये येत होतं: तिच्याकडे जा, रडताना जवळून घ्या, तुझ्यामुळे हरलात का ते विचारा. महेंद्र तिच्याजवळ गेला, खाली बसला आणि माइक मांडीवर ठेवून पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. अहिराणीत म्हणाला, "पहिले पानी पे. बोलानं मंग देखू." मग उठून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, तिला आपल्या पाठीमागे झाकून. "ती बोलेल तेव्हा बोलेल. मी काय पाहिलं ते सांगतो," असं म्हणून त्याने ती चढाई पहिल्या पावलापासून सांगितली. दुखऱ्या गुडघ्यावर ती कशी वळली, तिघींना कसं झुलवलं... कानात डेस्कवरचे साहेब ओरडत होते. तो थांबला नाही.

दुसऱ्या एका वाहिनीने मैदानातून बाहेर पडताना तिचा रडका चेहरा मिळवला आणि दिवसभर दाखवला. महेंद्रला मैदानावरून काढून डेस्कवर बसवलं, पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्ट्या लिहायला. तो कुणाशी भांडला नाही. पण बोलणाऱ्या माणसाला असं गप्प बसवलेलं मला बघवत नसे. काही महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. मीही निघालो.

धुळ्याला बाबूजींसमोर जायची त्याला भीती वाटत होती, म्हणून मी सोबत गेलो. वाटलं होतं, आता गादीवर बस म्हणतील. बाबूजींनी चहा मागवला, बराच वेळ कापडाच्या घड्या घालत राहिले. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोरीला पाणी दिलंस ना, तेव्हा दुकानात गर्दी होती. मी सगळ्यांना सांगितलं, हा माझा मुलगा आहे." महेंद्र उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. मी चहा संपवला.

पुढे त्याने जळगावात मेहरूणला घर घेतलं आणि इंटरनेटवर स्वतःचं छोटं चॅनेल काढलं. पोटासाठी मी लग्नांचं शूटिंग करू लागलो, उरलेल्या वेळात त्याच्यासोबत. एक दिवस सुनंदाचाच फोन आला, "भाऊ, आता बोलते." साक्रीच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली होती. आम्ही कॅमेरा घेऊन साक्रीला गेलो तो बाजाराचा दिवस होता, बाहेर गलका, तरी ती तासभर बोलली. त्या पकडीबद्दल, आणि त्यानंतर गावात तोंड दाखवणं कसं जड झालं त्याबद्दल. महेंद्रने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मुलाखत जशीच्या तशी दाखवली. महेंद्र गेल्यावर उठावण्याच्या शोकबैठकीला ती आली होती, बायकांमध्ये शेवटपर्यंत बसून होती.

हृदयाचं दुखणं त्याने आमच्यापासून लपवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं सांगितलं होतं, आम्ही ते मनावर घेतलं नाही, तोही घेत नव्हता.

परवा मेहरूणला गेलो. बैठकीत टीव्ही चालू होता, कुठलासा सामना, आवाज बंद. मला वाटलं मी आल्यामुळे बंद केला असेल. वहिनी म्हणाली, नाही, घरात सामना असाच लागतो. दुसऱ्याचं समालोचन त्याला चालत नसे. तो खुर्चीत बसून स्वतःच हळू आवाजात बोलत राहायचा आणि ही आत पोळ्या करता करता ऐकायची.

ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. पडद्यावरचा गुणफलक वाचला.

"कोण जिंकतंय ते मला स्वयंपाकघरात कळायचं," म्हणाली. "आता बाहेर येऊन बघावं लागतं."