एका बाजूनं कापलेला पंख

मुरबाडच्या झेरॉक्सच्या दुकानातलं काम आटपून घरी आले की मी आधी छताचा पंखा बंद करायची, दार लावून घ्यायची आणि मगच पिंजरा उघडायची. कॉकटेल जातीचा पोपट होता आमचा. राखाडी अंग, गालावर केशरी ठिपका. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी, म्हणून भावानं कल्याणहून हा परदेशी जातीचा आणून दिला होता. त्या संध्याकाळी पिंजरा उघडताच त्यानं नेहमीसारखी झेप घेतली, हवेतच एका अंगाला कलंडला आणि टीव्हीच्या टेबलाखाली आपटला.

उचलून पंख उलगडून पाहिले. उजव्या पंखाची लांब पिसं एका रेषेत कापलेली. डावा जसाच्या तसा. एक पीस नुकतं उगवत होतं, तेही कापलं गेलं होतं. त्याच्या नळीतून आलेलं रक्त वाळलं होतं.

घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासूबाई.

"आई, याची पिसं कोणी कापली?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गळली असतील गो. कोंबड्यांची नाय गळत?"

गळलेलं पीस मुळापासून जातं, अर्ध्यात नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. कंपनीत त्याची रात्रपाळी चालू होती, त्यामुळे दिवसा तो घरीच असायचा.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. मी त्याला अजून काही विचारलंच नव्हतं.

सकाळी परसात कोंबड्यांना दाणे टाकताना माझे हात थांबले. कुंपणावरून उडून शेजारच्या वाफ्यात जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे कोंबडीचा एकच पंख कापतात. सासूबाईंनीच सगळ्यांचे कापले होते. संशयाला तेवढं पुरे झालं. पण याच बाई रोज हरभरे भिजवून त्याला भरवायच्या, त्याला 'राजा' म्हणायच्या. त्या कशाला असं करतील? तरी मी पिंजरा आमच्या खोलीत नेला, पिंजऱ्याच्या दाराला कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये टाकून कामावर जाऊ लागले.

"चावी कुणासाठी गो? घरात चोर हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे की नाही तेच बघतेय."

त्या उठून परसात गेल्या. नवरा तिथंच बसून मोबाइल बघत होता.

सुट्टीच्या दिवशी मी पोपटाला एसटीनं कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, एकाच बाजूची पिसं कापली की पक्ष्याचा तोल जातो, तो दगडासारखा पडतो, छातीचं हाडही मोडू शकतं. कापायचीच वेळ आली तर दोन्ही बाजूंची सारखी आणि थोडीच, तीही जाणकारानं. त्यापेक्षा दारं आणि पंखा सांभाळलेला बरा. खुंट गळून नवी पिसं येतील, धीर धरा. मग कापलेला भाग निरखत म्हणाले, "हे घाईत केलंय कोणी तरी. पक्षी धडपडत असताना."

घाई कसली होती? परत येताना माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारीण हसत म्हणाली, "मिळाला ना तुमचा पोपट? तुझा नवरा चिंचेवर चढला तवा मला वाटलं, हा पडतोय आता."

मी हसले नाही. भरलेला हंडा तिथंच ठेवून घरी आले.

नवरा चहा पीत होता. "चिंचेवर कशाला चढला होतात?"

त्यानं कप खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. "पिसं मीच कापली. यानं त्याला खांद्यावर बसवून अंगणात नेला, रील काढायला. कावळे मागं लागले, तसा तो चिंचेवर जाऊन बसला. दुपारभर खाली येईना, शेवटी यानंच वर चढून उतरवला. हा रडकुंडीला आला. बोलला, परत उडाला तं ती मला घरात घेणार नाय. मग धरला नं कापली, कोंबडीची कापतात तशी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"यानं शपथ घातली. नि तू तर चावी घेऊन फिरत होतीस. मनात बोलले, ऱ्हाऊ दे माज्यावर."

मी नवऱ्याकडे वळले. "आईंना मी चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात."

तो चपला घालून बाहेर निघून गेला.

मी कुलूप काढून टाकलं आणि पिंजरा पुन्हा ओटीवर, सासूबाईंच्या नजरेसमोर ठेवला. पुढच्या सुट्टीला नवऱ्यानं आपणहून दाराखिडक्यांना बारीक जाळी बसवली. थंडी सरता सरता खुंट गळायला लागले, नवी पिसं आली. एका सकाळी पोपट उडाला, जाळीवर धडकला, सावरला आणि कपाटावर जाऊन बसला. सासूबाईंनी हातातलं काम टाकून टाळ्या वाजवल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "त्या दिवशीचं ते रील दाखवा ना."

"काढलंच नव्हतं. त्याआधीच तो उडाला."

त्यानं हे मोबाइल खिशात घालत सांगितलं. ते खरं असेल असं मला अजूनही वाटत नाही.